जर्दाळूच्या बिया

आई गं,

तुझ्या शोदमोनचा रोटरडॅमहून सलाम. मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं. तुझा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात गोदामात आपल्या इस्फराहून खारवलेल्या जर्दाळूच्या बिया आल्या. मला कुठला धीर! लहानपणीसारखी एक दाढेखाली धरून फोडली. आत गर नव्हताच, हेरोइनची पूड होती.

तुर्की मुकादम एर्दालने पाहिलं. “चव घेतोस, भिकारड्या? घे, पोटभर घे!” म्हणत त्याने पान्याने माझे पुढचे दात पाडले. आपल्या गल्लीतला ओदिल मध्ये पडला, तर त्याचा हात लोखंडी दारात घालून चिरडला. बोटं गेली त्याची. त्याच्या आईला सांगू नकोस. मला आता दुखत नाही. शुर्बोच्या रश्शात रोटी भिजवून खातो.

डच मालक शेजारी उभा राहून बिया न्याहाळत होता. म्हणाला, “तुमच्या बायकांचं काम सुबक आहे हां. सांधा दिसतसुद्धा नाही.”

आई, गल्लीतल्या बायकांबरोबर तू बियांत औषध भरून त्या चिकटवतेस, असं लिहिलं होतंस. ते हेच औषध.

पण काम सोडू नकोस. “तोंड उघडलंस तर बघ,” म्हणत एर्दालने मला तिथल्या आपल्या घराच्या दाराचा रंगही सांगितला. मुकाट्याने चिकटवत राहा आणि हे पत्र तंदुरात टाक. फक्त सवयीने एखादी बी दाढेखाली धरू नकोस. तुझे दात अजून शाबूत आहेत.

तुझाच,
शोदमोन