दुखवट्याच्या घरची परवानगी

प्रिय बहरोम,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. आपला रोटीवाला मावलोन अमाक, साऱ्या गल्लीचा काका, त्याचा जावई कोरियाला यायला निघालाय, त्याच्या हाती देतेय. सोबत सुके जर्दाळू आहेत. माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस, खा. तो व्हिडिओ तू पाहिलास. तुझ्या बहिणीच्या, नझोकतच्या, चाळीसाव्या दिवसाचा पुलाव मोहल्ल्याच्या तोंडात आहे तोवर तिची आई भरजरी झगा घालून पर्यटकांसमोर डफ वाजवतेय, आणि वर हसतेय. "आई, लाज नाही वाटली?" एवढं विचारून तू फोन ठेवलास. वाटली रे. अजून रोज संध्याकाळी वाटते, कारण मी अजूनही रोज गाते आहे.

तू मातीला येऊ शकला नाहीस याबद्दल इथे कुणाला बोलू दिलेलं नाही मी. शराफत खोलाने एकदा मावशीच्या हक्काने सुरुवात केली, "बहिणीपेक्षा कारखाना मोठा झाला का हो त्याला?" तिला म्हटलं, खोला, त्याच्या कारखान्याने सुट्टी दिली नाही, आणि तुमच्या पाहुणेघराचं छत त्याने पाठवलेल्या पैशातून घेतलेल्या उसनवारीवर उभं आहे, तेव्हा चहा प्या. ती चहा प्यायली. पण तू फोनच्या चौकटीतून बहिणीला खांद्यावर जाताना पाहिलंस आणि मग पुन्हा यंत्रावर जाऊन उभा राहिलास, ते आठवलं की मी ताट बाजूला सारते. तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. सव्वीस वर्षांची. अजून तिच्या चपला दारात आहेत, कुणी उचलत नाही, मीही नाही.

तुला आपली रीत ठाऊक आहे. ज्या घरात माणूस गेलं, त्याच्या शेजारी वर्षभर डफ वाजत नाही. कुणाकडे लग्न निघालंच तर ते लोक आधी त्या घरी येतात, रोटी ठेवतात, दुवा मागतात आणि परवानगी विचारतात. आणि दुखवट्याच्या घराने ती द्यायचीच असते. विचारणं हा त्यांचा धर्म, हो म्हणणं हा आपला. तुझे बाबा गेले त्या वर्षी समोरच्यांच्या तीन पोरींची लग्नं आपण अशीच होऊ दिली होती, आणि तू खिडकीला उशी लावून बसला होतास. बाबांचं वर्ष होईपर्यंत मी स्वतः डफाला हात लावला नव्हता. तेव्हा चालून गेलं. शहरात आणखी चार सोझंदा होत्या, लग्नात गाणाऱ्या बायका, एकापेक्षा एक. आता दोघी परदेशी गेल्या, दोघी मातीत गेल्या, आणि लग्नघरांनी विजेचा बाजा आणला. उरले मी.

पूर्वी या गल्लीतले पुरुष कातडीच्या कारखान्यात जात. तो बंद पडल्यावर काय दिवस काढले ते तुला सांगायला नको, तू त्यातलाच निघून गेलेला. मग सौदागराच्या जुन्या वाड्याच्या अंगणात संध्याकाळच्या जेवणासोबत बुखारी लग्नाचा खेळ सुरू झाला आणि गल्लीतल्या चुली पेटल्या. पाहुणे खेळ बघायला येतात म्हणून रात्री मुक्काम करतात. मुक्काम करतात म्हणून सकाळी त्यांना रोटी लागते, गाडी लागते, भरतकामाचे रुमाल लागतात. गेल्या वर्षी राजधानीतून एक साहेब आला होता. पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता की कला शहराला पोसते. मावलोन अमाक मागून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "साहेब, हे आमच्या गाढवालाही ठाऊक आहे. त्याचा कडबा आपांच्या गळ्यातूनच येतो." सगळे हसले. नझोकत तर खाली बसून हसली.

नवरोझच्या आधी ते सगळे आले. मावलोन अमाक, शराफत खोला, दोन्ही गाडीवाले, रुमालवाल्या बायका, जिन्यापर्यंत माणसं. रोटी ठेवली, दुवा झाली. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल. मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. अमाक हातातली टोपी फिरवत म्हणाला, "आपा, प्रवासी कंपनीवाले म्हणतात, खरी सोझंदा नसेल तर मंडळी समरकंदलाच ठेवतो, इकडे वळवत नाही. पहिल्या गाड्या पुढच्या आठवड्यात. आम्ही वाजवण्याची परवानगी मागायला आलो नाही. तुम्ही वाजवावं म्हणून आलोय. असं कुणी कुणाला विचारलेलं नाही. मलाही विचारताना मरण आलंय." त्याच्या हाताला भट्टीचे डाग होते. याच हातांनी त्याने नझोकतचा जनाजा पहिल्या कोपऱ्यापासून कबरीपर्यंत खांदा न बदलता नेला होता. मी हो म्हटलं. दुखवट्याच्या घराला दुसरा शब्द येतो कुठे?

आता तुला नको असलेली गोष्ट सांगते. तू म्हणालास, पैशासाठी हसलीस. नाही रे. मी खरंच हसले. नझोकत पाच वर्षं त्या खेळात नवरी होती, तुला माहीत आहे. मी म्हणायची, बाई गं, एकदा खरं लग्न कर, तर म्हणायची, "रोज तर होतंय, आणि नवराही संध्याकाळपुरता. याहून सुखाचं काय असतं?" चेहऱ्यावर ओढणी घेऊन ती सलाम करायला वाकायची तेव्हा ओढणीच्या आत माझ्याकडे बघून तोंडं वेडावायची. फक्त मला दिसायची. पाहुण्यांसमोर मी हसू आवरायची, कधी आवरायचं नाही, आणि घरी आल्यावर तिला शिव्या घालायची. त्या व्हिडिओच्या संध्याकाळी तिचाच झगा घातलेली, तिच्याच उंचीची एक मुलगी पडद्यामागून आली आणि वाकली. माझे हात सवयीने डफावर चालत होते. एका क्षणापुरतं मी विसरले. मला वाटलं, आत्ता तोंड वेडावणार, आणि मला हसू फुटलं. मग ओढणी उचलली. शराफत खोलाची पुतणी लोला होती. घाबरलेली, बिचारी. कुणा पाहुण्याने काढलेला तो व्हिडिओ ओढणी उचलायच्या आधी संपतो. त्यापुढचं तू पाहिलं नाहीस.

लोक वाईट नाहीत, बहरोम. रोज कुणी ना कुणी गळ्यासाठी गरम दूध आणि मध आणून ठेवतं. डोळे भरलेले दिसले की शराफत खोला पाठीवर हात फिरवते, "रडू नका आपा, आवाज बसेल." खरंच बसतो. चाळीसाव्याला रडले होते तर दोन दिवस नुसती हवा येत होती. म्हणून आता मी रडत नाही. सकाळी रडू आलं तर गिळते, दुपारी आलं तर गिळते, संध्याकाळी तिच्या झग्याकडे बघून नवरीच्या स्वागताचं गाणं म्हणते, आणि बाहेर गल्लीत दिवे लागतात, रोट्या खपतात, शराफत खोलाच्या खोल्या भरतात. सगळ्यांचं ठीक चाललंय.

मी हे तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही. रीतीने आणखी एक सांगितलंय, ते इथे सगळे सोयीने विसरलेत. ज्याला विचारलं त्याने हो म्हणायचं, पण घरातल्या रक्ताच्या दुसऱ्या माणसाने नाही म्हटलं, तर मोहल्ला एक अक्षर बोलत नाही. रोटी उचलतो आणि निघून जातो. आपल्या घरात आता तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. गाड्या येणं थांबलं तर इथे काय होईल ते मला कळतं, आणि म्हणूनच अमाकच्या तोंडावर मला नाही म्हणवत नाही, मरेपर्यंत म्हणवणार नाही. तू रागावला आहेस, तुला म्हणवेल. मला फोन करू नकोस, मी ऐकून पुन्हा गिळून टाकेन. अमाकला कर. सांग, आई यापुढे गाणार नाही. मला माझ्या लेकीसाठी रडायचंय, बहरोम, आवाज जाईपर्यंत.

तुझीच,
आई