धातू सापडण्याची शक्यता: शून्य

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी सुरू. कारणही तसंच आहे. हॉस्पिटलला आपला ब्रेड हवाय, रोज चारशे. अट एकच, फूड सेफ्टीचं सर्टिफिकेट. ऑडिट वीस तारखेला. सर्टिफिकेट मिळालं तर दुसरी भट्टी पुन्हा पेटेल. नाही मिळालं तर ती कायमची बंद, आणि भट्टीवाले काका घरी. काका सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. बेकरीही तशी सासऱ्यांचीच, पण गेली बारा वर्षं ती माझ्या डोक्यावर चालते.

बायको म्हणाली, ऑडिटचं ती बघते. मी म्हटलं, तू फक्त बघत राहा. लगेच फूड सेफ्टी टीम स्थापन केली. टीम लीडर मी. सदस्य बायको, काका आणि पॅकिंगवाल्या मावशी. ठराव एकमताने मंजूर. मत माझं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
चेकलिस्ट आली. एकशे चौदा मुद्दे. नऊ वाचले. बाकीचे साधारण त्याच धर्तीचे असावेत.

सात पाट्या रंगवून घेतल्या. सगळ्यात मोठी दारावर: 'आत येण्यापूर्वी हात धुवा. हुकमावरून, टीम लीडर.' तांबड्या अक्षरांत. फार उठून दिसते. दाराशी पाहुण्यांचं रजिस्टरही ठेवलं. नाव, वेळ, कोणाला भेटायचं, कारण. रकाने मीच आखले.

संध्याकाळी पाच. नियम क्रमांक एक वाचून दाखवला. अंगठी, बांगडी, घड्याळ, कडं, काहीही घालून पिठाला हात लावायचा नाही. मावशींनी बांगड्या काढल्या. काकांनी तीस वर्षांचं कडं साबण लावून काढलं, मनगट सोलवटलं. बायकोनेही अंगठी काढली. मग तिघंही माझ्या बोटाकडे बघायला लागले.

माझी निघत नाही. लग्नातली आहे, सासऱ्यांनी घातलेली. मधल्या काळात बोट जाड झालं. मी नाही, बोट. नियमाला पोटनियम जोडला: टीम लीडर पिठाला हात लावत नसल्याने त्यांना सूट.

५ फेब्रुवारी, गुरुवार
बायको म्हणते, सूटबिट काही चालणार नाही, सोनाराकडे जाऊन अंगठी कापून आणा, दहा मिनिटांचं काम. लग्नाची अंगठी कापायची! हिच्या मनाला काही वाटतं की नाही? त्यापेक्षा मी वजन उतरवतो. पंधरा दिवसांत बोट पूर्वीसारखं. आजपासून गोड बंद, ब्रेड बंद.

दुपार. केकच्या कडा खाल्ल्या. कापून बाजूला काढलेल्या होत्या, वायाच गेल्या असत्या. कडा म्हणजे काही केक नव्हे.

८ फेब्रुवारी, रविवार
मुद्दा क्रमांक एकसष्ट, मेटल डिटेक्टर. 'असल्यास उत्तम' असं लिहिलंय. म्हणजे नसलं तरी चालतं. बायकोने त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून मी स्वतःसाठी काचेची केबिन करून घेतली. आत बसलं की काचेतून सगळी बेकरी दिसते. टीम लीडरची नजर असताना डिटेक्टर हवाच कशाला? आपल्याकडे धातू येणार तरी कुठून? धोक्यांच्या रजिस्टरमध्ये रीतसर नोंद केली: 'धातू सापडण्याची शक्यता: शून्य.' खाली सही, शिक्का.

बायको सकाळपासून बोललेली नाही. काकांना विचारलं, केबिन कशी वाटते. म्हणाले, मालक, काच चांगली आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार
फ्रिजचं तापमान रोज दोनदा लिहायचं असतं म्हणे. हे आज कळलं. एका बैठकीत सगळा महिना लिहून काढला. कुठे चार पूर्णांक एक, कुठे तीन पूर्णांक नऊ. खरं वाटायला नको? तीन वेगवेगळी पेनं वापरली. तंद्रीत महिनाअखेरपर्यंत भरून टाकलं. कामात पुढे असलेलं बरं. बायकोने वही चाळली आणि एवढंच म्हणाली, यंदा फेब्रुवारीला तीस दिवस नाहीत. शेवटच्या दोन ओळींवर कागद चिकटवला.

१५ फेब्रुवारी, रविवार
वजन दीड किलो वाढलं. काटा जुना आहे.

काकांनी सुचवलं म्हणून बोटाला दोरा गुंडाळून बघितला. बोट जांभळं झालं. मग मार्गारीन लावलं. अंगठी गोल फिरते, सांध्यापर्यंत येते आणि तिथे हट्ट करते. बायकोने पुन्हा सोनाराचं नाव काढलं. मी म्हटलं, तुझ्या वडिलांची आठवण आहे, कापवत नाही. यावर तिने विषय सोडला. हे मात्र मी अगदी मनापासून बोललो होतो.

ती हल्ली एका शंभर पानी वहीत सारखं काहीतरी खरडत असते. कोणता घाणा किती वाजता मळला, किती वाजता भाजला, कुठे किती ब्रेड गेले. माझी एवढी रेक्झिनची रजिस्टरं असताना ही शाळकरी वही कशाला, असं विचारलं. म्हणाली, असू दे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी साडेतीन
उद्या ऑडिट. भिंतीवर एक जागा मोकळी दिसत होती. तिथे टीम लीडरचा प्रत्यक्ष कामातला फोटो हवा असं वाटलं. काकांना बाजूला केलं, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि दुपारच्या घाण्यात दोन्ही हात घातले. उद्या हॉस्पिटलला नमुन्याचे चोवीस ब्रेड जायचेत ते याच घाण्यातले. पीठ चांगलं तुपकट होतं. सहा वर्षांत पिठाला हात लावला नव्हता, पण कला विसरत नाही माणूस. मावशींनी फोटो काढला. काका काहीतरी सांगायला बघत होते, त्यांना म्हटलं, फोटो होऊ द्या.

संध्याकाळी सव्वासात. आनंदाची बातमी! जेवायला बसताना सहज बघितलं तर बोट मोकळं. अंगठी निघाली! दोन आठवडे तोंडावर ताबा ठेवल्याचं फळ. बायकोला दाखवलं. तिने विचारलं, अंगठी कुठे आहे. मी म्हटलं, सुरक्षित ठिकाणी. बहुधा बेसिनवर असेल, नाहीतर ड्रॉवरमध्ये. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ताट तसंच टाकून खाली बेकरीत पळाली. आनंद व्यक्त करायची तिची पद्धत वेगळी आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी सात
बेसिनवर नाही. ड्रॉवरमध्येही नाही. मिळेल.

खाली येऊन बघतो तर काय! बायको, काका, मावशी पहाटे पाचपासून कालच्या घाण्याचे ब्रेड कापत बसलेत. एकेक ब्रेड, इतके पातळ काप की आरपार दिसावं, आणि वर ते बोटांनी कुस्करायचे. शहाण्णव ब्रेडचा चुरा! ऑडिटच्या दिवशी! मी संतापलो. हॉस्पिटलचे नमुने कुठे, विचारलं. बायको मान वर न करता म्हणाली, ते दुसऱ्या घाण्यातले जातील, तुम्ही केबिनमध्ये बसा. बसलो. यांना ऑडिटचं टेन्शन आलंय, दुसरं काय.

पावणेआठ. काचेतून दिसलं की काका एकाएकी पिठाच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी टॉवेल डोळ्यांना लावला. मावशी त्यांना पाणी देत होत्या. पिठाची ॲलर्जी असावी. धोक्यांच्या रजिस्टरमध्ये टाकायला हवं. बायकोचा चेहरा मात्र आता जरा निवळलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ऑडिटर बाई नऊला आल्या. स्वतःची टोपी, स्वतःचं पेन. चहाकेक नको म्हणाल्या. माझ्या पाट्या वाचल्या. पोटनियम दोनदा वाचला. मग फ्रिजचं रजिस्टर उघडून विचारलं की सव्वीस तारखेचं तापमान चार पूर्णांक दोन असणार हे मला आजच कसं कळलं. मी अनुभवाचा उल्लेख केला. बायकोने हळूच शंभर पानी वही पुढे केली. त्यात नऊ तारखेला फ्रिज बंद पडल्याचं आणि माल टाकून दिल्याचंही लिहिलं होतं. अशा गोष्टी कोणी लिहितं का? मला घाम फुटला. बाई मात्र ती वही पान न पान वाचत बसल्या.

मग मी माझं हुकमाचं पान काढलं. मोकळं बोट पुढे करून म्हटलं, टीम लीडरने स्वतः आदर्श घालून दिलाय. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटोत अंगठी होती. त्यांनी विचारलं, फोटो कधीचा. म्हटलं, कालचा. विचारलं, अंगठी कधी निघाली. म्हटलं, कालच. विचारलं, आता कुठे आहे. म्हटलं, सुरक्षित ठिकाणी.

बायकोने फाईलमधून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत अंगठी. तिला ब्रेडचा कण चिकटलेला. वर चिठ्ठी: दुपारचा घाणा, काल साडेसातला रोखला, एकही ब्रेड बाहेर गेलेला नाही, एकाहत्तराव्या ब्रेडमध्ये सापडली.

मी म्हणालो, बघा, सुरक्षित ठिकाणी आहे म्हटलं होतं ना!

बाईंनी तेही लिहून घेतलं.

बाई गेल्यावर बायको बोलली. आजवर एवढं बोललेली नाही. म्हणाली, हा ब्रेड आजारी माणसांच्या तोंडात जाणार होता, झोपल्याझोपल्या भरवतात त्यांना. म्हणाली, बाबांनी ही भट्टी पेटवली तेव्हा ती सात वर्षांची होती, तेव्हापासून एका गिऱ्हाइकाला कधी खडा लागला नाही. म्हणाली, काकांनी काल दुपारीच तुमच्या बोटातली अंगठी बघितली होती, सांगायला गेले तर तुम्ही फोटो काढून घेत होतात. बाईंनी नको म्हटलेला चहाकेक पुढ्यात होता, पण मला खाववला नाही. शिळा असावा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
सर्टिफिकेट मिळालं! माझ्या नेतृत्वाचं यश. काका लहान मुलासारखे भट्टीभोवती फिरले.

सोबत दोन पानं शेरे आहेत. 'घाणा रोखण्याची तत्परता आणि नोंदी उत्तम.' अटी तीन. एक, यापुढे टीम लीडर सौ. असतील. दोन, अंगठी पुरावा म्हणून तीन वर्षं फाईलमध्ये राहील. तीन, धोक्यांचं रजिस्टर नव्याने लिहावं. ते बायकोने लगेच लिहिलंही. पहिल्याच ओळीत, जिथे मी 'शून्य' लिहिलं होतं तिथे, तिच्या अक्षरात: 'धोका: मालक. उपाय: उत्पादन विभागात प्रवेश फक्त पाहुणे म्हणून.'

सल्लागाराची भूमिका दिलेली दिसते. वयाच्या मानाने योग्यच आहे. केबिनमध्ये आता मेटल डिटेक्टर बसणार, असं कानावर आलं.

२ मार्च, सोमवार. सकाळी सहा
दुसरी भट्टी आज पेटली. टाय लावून खाली गेलो. दारात मावशींनी अडवलं. मालक, रजिस्टर भरा, म्हणाल्या. मलाच! नाव लिहिलं. वेळ लिहिली. कोणाला भेटायचं: टीम लीडर. कारण: पाहणी.

मावशी रजिस्टर आत घेऊन गेल्या आणि परत आणलं. 'पाहणी'वर लाल रेघ. म्हणाल्या, वहिनींनी निरोप दिलाय, इथे जे खरं असेल तेच लिहायचं.

मी उभा राहिलो. दाराच्या काचेतून काका दिसत होते. मनगटावर कडं नव्हतं, तिथे फिकट पट्टा होता. माझ्या बोटावर आहे तसाच. चारशे साचे ओळीने लावलेले. बायको प्रत्येक साच्याशी वाकून बघत होती. बरंच झालं, वीस तारखेला मी एकटा नव्हतो. एकटा असतो तर ते चोवीस ब्रेड गेले असते. हे मी आजच लिहितोय. आधी लिहायला हवं होतं.

कारणाचा रकाना मी फारच अरुंद आखलाय. त्यात कसंबसं मावलं: 'माझं चुकलं, हे सांगायला.'

रजिस्टर आत गेलं. बायकोने वाचलं. बराच वेळ वाचत होती, एवढीशी तर ओळ. मग काचेपाशी आली, माझ्याकडे बघितलं आणि बोटाने माझ्या डोक्यावरची पाटी दाखवली. आत येण्यापूर्वी हात धुवा.

धुतले. मावशींनी दोन्ही हात उलटसुलट करून तपासले आणि म्हणाल्या, पुन्हा धुवा.