पश्चिमेकडची पुळण

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. परवा पहाटे जे. पी. नगरच्या घरून विमानतळाकडे निघाले तेव्हा अंगात स्वेटर होता. आत्ता बोटीच्या टपावर सुती कुर्त्यातही घामाने निथळते आहे, आणि मजेत आहे.

नऊ वर्षं मी बोम्मसंद्र्याच्या ऑफिसात बसून किनारे आखते. उपग्रहाचा फोटो समोर घ्यायचा आणि पाणी संपतं तिथे रेघ ओढायची. खरं पाणी एका जागी संपतच नाही, हे आज कळलं. आमचे साहेब रविकुमार यांनी स्वतःहून माझं नाव या कामाला दिलं. हवापालट होईल, म्हणाले.

बेट अंदमानच्या पार टोकाला आहे. त्याला नाव नाही, नकाशावर नुसता क्रमांक. वस्ती नाही. भोवताली तीस-बत्तीस किलोमीटर किनारा. बोटीच्या बुडाला खोली मोजायचं यंत्र लावलंय. भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा, असा सगळा किनारा टिपायचा. दहा दिवसांचं काम.

आम्ही तिघंच. बोट नागराजची. तो मूळचा मलप्याचा, पन्नाशीचा, मितभाषी. माझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून खूश झाला आणि मला अक्का म्हणू लागला. स्मृती माझ्याच शहरातली, के. आर. पुरमची, कासवांची अंडी घालायची ठिकाणं शोधायला आली आहे. नागराजने सुरमईचं सार केलं होतं. मी दोनदा भात घेतला. सासूबाईंना कळलं तर बरं वाटेल त्यांना.

५ फेब्रुवारी

पूर्व बाजू झाली. पाणी इतकं नितळ की तीन पुरुष खोलीवरचं पोवळंही दिसतं. दुपारी खारफुटीत शिरलो, तर स्मृतीने ज्याला ओंडका म्हटलं ती मगर निघाली. नागराज पहिल्यांदा हसला. मीही हसले, पोट दुखेपर्यंत.

संध्याकाळी ध्यानात आलं की आज दिवसभरात राजसची आठवण झाली नव्हती. नवरा जूनमध्ये गेला, त्याला आठ महिने झाले. असा दिवस आज पहिलाच. मग फार ओशाळल्यासारखं झालं. उठून उगीचच भांडी घासत बसले.

६ फेब्रुवारी

उत्तरेचं टोक केलं. इथे डोंगराचा कडा थेट पाण्यात उतरतो, बोट जवळ नेता येत नाही. नागराजने लांबून, पण अगदी सरळ रेषेत नेली. माणूस कामाचा पक्का आहे.

उद्या पश्चिम. तिथे फक्त भरतीला जाऊ, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं की ओहोटीची नोंद नसेल तर अर्धा नकाशा कोरा राहील. तो 'सरी', बरं, म्हणाला आणि जाळं आवरायला गेला.

७ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

पश्चिमेला एक लांब पुळण आहे. पांढरी वाळू, मागे केवड्याची दाट रांग. दुपारी अडीचला ओहोटी पुरी झाली. ऊन लख्ख, वारा पडलेला. मी आकडे उतरवत होते. पुळणीवरून हाक आली, 'मुग्धाऽ, पाणी तापलंय.'

राजस रोज सकाळी अशीच हाक मारायचा. 'मुग्धा'मधला शेवटचा 'आ' लांबवून.

मला वाटलं, ऊन लागलं. हातातली पेन्सिल तशीच राहिली. तेवढ्यात स्मृतीने मान वर केली आणि विचारलं, हा कोण माणूस ओरडतोय? ही कुठली भाषा?

पुळणीवर कोणीही नव्हतं.

८ फेब्रुवारी

नागराजला विचारलं. त्याने इंजिन बंद केलं, बसला आणि सांगितलं.

त्याचा धाकटा भाऊ भीमसेन सात वर्षांपूर्वी इथेच बोटीवरून पडला. प्रेत मिळालं नाही. तेव्हापासून नागराज वर्षातून एकदा तरी या बाजूला येतो, ओहोटीला नांगर टाकून बसतो. भीमसेनचा आवाज येतो. बोटीवर तो जे बोलायचा तेवढंच येतं. दोर सोड, चहा टाक, एवढंच. सात वर्षांत एक नवा शब्द नाही. डिसेंबरात त्यांची आई गेली, तरी तो चहाच मागतो. नागराज म्हणाला, "आवाज त्याचा आहे अक्का. माणूस नाही. ऐकायचं आणि निघायचं. खाली उतरायचं नाही."

मग मीही बोलले. आठ महिने कोणाशी बोलले नव्हते ते.

राजसच्या शेवटच्या दुपारी मी इस्पितळाच्या कँटीनमध्ये गेले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पंधरा मिनिटं लागली असतील. वर आले तर सगळं संपलं होतं. जवळ रूपश्री नावाची नर्स होती. ती म्हणाली, ते बोलले, चांगली तीन-चार वाक्यं बोलले, अगदी शांतपणे. काय बोलले, असं मी विचारलं. तिला रडू फुटलं. "अर्थ आगलिल्ला, अक्का." कळलं नाही, ते मराठीत बोलले.

त्या मजल्यावर मराठी कळणारी एक मीच होते, आणि मी खाली इडली खात होते.

स्मृतीने माझा हात धरून ठेवला.

९ फेब्रुवारी

आज पश्चिमेचं काम आटोपून निघायचं, असं ठरलं होतं. दुपारी दोन चाळीसला भीमसेनचा आवाज आला. दोर सोड. चहा टाक. नागराज मान हलवत ऐकत होता.

मग आवाज म्हणाला, "अव्वा हेगिद्दाळे?" आई कशी आहे?

नागराज उभा राहिला. चेहरा लहान मुलासारखा झाला होता. स्मृतीने त्याला दंडाला धरून थांबवलं. तिने सांगितलं की आईचं तू काल इथेच, डेकवर बोललास, ते या आवाजाने ऐकलंय. नागराजने तिचा हात हळूच सोडवला. आईचं त्याला कोणीतरी सांगायला हवं, म्हणाला. बोटीला बांधलेल्या लहान होडीत उतरला. वल्ही मारता मारता मागे वळून म्हणाला, "स्वल्प तडी, बंदे." जरा थांबा, आलोच.

पुळणीवर उतरलेला दिसला. केवड्याच्या रांगेपर्यंत चालत गेला. मग दिसला नाही.

अंधार पडेस्तोवर हाका मारल्या आम्ही.

१० फेब्रुवारी

सकाळच्या भरतीबरोबर होडी परत आली. रिकामी. वल्ही आत नीट ठेवलेली.

इंजिनाची किल्ली त्याच्या खिशात आहे. स्मृतीने वायरलेसवर कळवलं. मदतीची बोट परवा सकाळी येईल. तोवर नांगर धरून इथेच बसायचं.

दुपारी ओहोटी लागली.

"स्वल्प तडी, बंदे."

नागराजचा आवाज. तोच सूर, 'तडी'नंतर तेवढंच थांबणं. दर दोन-तीन मिनिटांनी. स्मृती कानांवर उशी दाबून बसली होती, मी मोजत होते. एकेचाळीस वेळा. मग पाणी चढलं.

आपल्याला काय हवंय ते डेकवर बोलायचंच नाही, असं स्मृती म्हणते. आज आम्ही पाटीवर लिहून बोलतो.

पण मी तर परवाच सगळं बोलून बसले आहे —

११ फेब्रुवारी, सकाळ

झोप नाही. स्मृतीने होडीचा दोर स्वतःच्या मनगटाला बांधून घेतलाय. माझ्याकडे बघते आणि काही लिहीत नाही.

तिला कळलंय.

११, दुपार

दोन वाजले. नागराज. मग भीमसेन. मग बराच वेळ काहीच नाही.

मी विचारणार नव्हते. तोंडातून निघून गेलं — राजस, त्या दुपारी काय म्हणालास —

स्मृतीने माझं तोंड दाबलं. उशीर झाला होता.

११, अडीच

तो बोलला.

'तिला म्हणावं, आधी काहीतरी खाऊन घे.'

तिला. मला उद्देशून नाही. रूपश्रीला सांगत होता, निरोप देत होता. मला हाक मारायची असती तर नावाने मारली असती. हे 'म्हणावं' या आवाजाला कोणी शिकवलं? मी तर असं काही सांगितलं नव्हतं —

स्मृतीने पाटीवर लिहिलं : तो राजस नाही.

मी लिहिलं : माहीत आहे.

११

दोन रात्री जागी होती स्मृती बिचारी. बसल्या बसल्या डोळा लागला तिचा. दोर सोडवला तरी जागी झाली नाही. तिच्या अंगावर माझी शाल टाकली आहे.

होडीतून लिहिते. बोट आणि पुळण यांच्या बरोबर मध्ये. वल्ही वर घेतली आहेत, तरी होडी जाते आहे.

नागराजही असाच गेला. ठाऊक आहे मला. त्यालाही एकच नवं वाक्य मिळालं होतं.

पुळणीवर कोणी नाही. वाळूवर एकाच माणसाची पावलं, केवड्याकडे गेलेली.

दुसरं वाक्य सुरू झालं. 'आणि तिला म्हणावं, मला —' पुढचं लाटेत गेलं.

आणखी थोडं जवळ —

पुन्हा म्हणतोय. आता नीट — 'मला —'