साक्षीदाराची सही

९ जानेवारी

रद्द! प्रकाशकाचं तीन ओळींचं पत्र. "बदललेल्या परिस्थितीत 'टपालवाली'चे तीन खंड काढणे आम्हांस शक्य नाही." कसली बदललेली परिस्थिती? ह्याने पत्र दोनदा वाचलं, घडी करून ताटाखाली सरकवलं आणि जेवला. सगळं जेवला!

सात वर्षं टपालवाली काढतोय हा. गोष्ट आणि चित्रं ह्याची, फुग्यांतली अक्षरं माझी. आतापर्यंत नुसते पातळ अंक, तेही कॉमिक्सच्या दुकानांत दारामागच्या फळीवर. आता कुठे जाड पुठ्ठ्यात बांधून खऱ्या पुस्तकांच्या दुकानात जाणार होती.

सासरेबुवांना सांगितलं. "पोरखेळ होता, संपला," म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. दीड महिन्यापूर्वी ह्याच माणसाने त्या करारावर साक्षीदार म्हणून सही केली होती! वाचायचेही कष्ट नाहीत — "कुठे करू? इथे?" जन्मभर दुकानदारांची वजनं-मापं तपासत हिंडले, सही तेवढी झोकदार.

१२ जानेवारी

कारण कळलं. मुकादम!

हे नाव आम्ही ठेवलेलं. कॉमिक्सवर व्हिडिओ करतो आणि लोकांवर डाफरतो, म्हणून. न खपलेले अंक कुणी परत घेत नाही, त्यामुळे दुकानदार भीत भीत मागणी नोंदवतात, आणि नोंदवण्याआधी मुकादमाचा व्हिडिओ बघतात. सहाव्या अंकात टपालवालीने एक पत्र पोचवण्याऐवजी जाळलं, तेव्हापासून तो पेटलाय. "आमची टपालवाली नासवली!" अरे, तुमची कधी झाली? मागणी नऊशे अंकांवरून दोनशेवर आली. माझ्या अक्षरांनाही शिव्या आल्या. अक्षरांना!

प्रकाशकाच्या कचेरीतल्या बाईंचा फोन आला. आवाज एवढासा. मुकादमाने त्यांच्या साहेबांना स्वतः फोन केला होता — "ते तीन खंड काढा, मग तुमचं एक पुस्तक दुकानात कसं राहतं ते बघतो."

पण खंड निघणार हे त्याला कळलं कसं? अजून कुठे जाहीरही झालं नव्हतं.

१७ जानेवारी

वकीलबाईंकडे गेलो. जिना चढून दम लागला, वर बसायला एकच खुर्ची. हा उभा राहिला.

बाई सरळ बोलतात. "पुस्तक वाईट आहे असं ओरडायला तो मोकळा आहे. दिवसभर ओरडू दे. पण दोघांमध्ये करार झालाय हे माहीत असताना मुद्दाम मध्ये पडून तो मोडायला लावला, तर तो गुन्हेगार नसेल, पण भरपाईला बांधलेला आहे. करार होता, तो आहे आपल्याकडे. मोडायला लावला, त्याला साक्षीला त्या कचेरीतल्या बाई आहेत. राहिलं एकच — त्याला माहीत होतं, हे दाखवा."

मग करार चाळला आणि अकराव्या कलमावर बोट ठेवलं. प्रकाशक जाहीर करेपर्यंत आम्ही कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. सांगितलं तर करार रद्द करायला तो मोकळा. "तुमच्यापैकी कुणी बोललंय?"

"छे!" आम्ही दोघं एकदम. खरंच नाही बोललो. माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

२ फेब्रुवारी

मुकादमावर दावा दाखल झाला, पुरावा अजून शोधायचाय. आजही पेन्सिल हातात घेतली नाही ह्याने.

८ फेब्रुवारी

सापडलं! वाचकांच्या चर्चेच्या संकेतस्थळावर, हाणामारीच्या अडीचशे पानांत. २८ नोव्हेंबर, दुपारी. मुकादमाने लिहिलं होतं, टपालवाली आता कुणी छापणार नाही. त्यावर 'शेवटचा बाक' ह्या नावाने लिहिणारा म्हणतो — "तुम्ही बोंबला. तीन खंडांचा करार झालेला आहे, पुठ्ठाबांधणीसकट." आणि प्रकाशकाचं नाव! चार मिनिटांनी मुकादमाचं उत्तर — "असं का? बघतोच."

वकीलबाई फोनवर खूश झाल्या. लगेच म्हणाल्या, "हा शेवटचा बाक कोण ते शोधा. प्रकाशकाकडचा निघाला तर आपण जिंकलो. तुमच्या घरातला निघाला तर आपणच कलम मोडलं, दावा तिथेच आटोपला."

ह्याला मात्र दाव्याचं काही पडलेलंच नाही. शेवटचा बाक म्हणजे ह्याचा देव. तीन वर्षं एकटा त्या टोळीशी भांडतोय. त्याचं एक वाक्य ह्याने टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवलंय — "जाळलेलं पत्र हेच तिने नीट पोचवलेलं एकमेव पत्र आहे." शंभरदा वाचून झालंय. आज म्हणाला, "बाहेर एक माणूस जरी असं वाचणारा असला तरी मी काढीन." आणि पेन्सिलीला टोक केलं! केलं आणि ठेवून दिली, पण केलं.

१४ फेब्रुवारी

अडीचशे पानं तारखेप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे. शिव्या वाचून डोकं भणाणलं.

एक गोष्ट खटकली. गेल्या वर्षीचं भांडण आहे. चौथ्या अंकात टपालवालीची पिशवी अचानक डाव्या खांद्यावर कशी आली, चित्रकार विसराळू आहे वगैरे. शेवटचा बाक लिहितो — "विसरलेला नाही. कच्च्या चित्रात पिशवी उजव्याच खांद्यावर होती. खोडून डावीकडे घेतली, कारण उजवा हात त्या पानापासून दुखरा आहे. पुढे नीट पाहा."

कच्च्या चित्रात?

कच्चं हा कुणाला दाखवत नाही. मलाही नाही! शाई करून, रेघा पुसून, मगच पान माझ्या टेबलावर येतं, इतकी वर्षं तीच रीत. पिशवी आधी उजव्या खांद्यावर होती हे मला आज, ह्या कागदावरून कळलं. कच्ची पानं ह्याच्या खोलीत खालच्या खणात असतात. त्या खोलीत दुसरं कोण जातं? दुपारी आम्ही दोघं छापखान्यात गेलो की घरात कोण असतं?



१५ फेब्रुवारी

हा बाहेर गेल्यावर विचारलं. सरळ. "बाबा, शेवटचा बाक तुम्ही ना?"

सासरेबुवांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "त्याला सांगू नकोस."

मी भडकले. तोंडावर पोरखेळ म्हणायचं, आणि पाठीमागे खण उघडून पान न् पान वाचायचं! न वाचता सही केली म्हणे — सगळी कलमं तोंडपाठ आहेत ह्यांची! "मग अकरावं नाही दिसलं?"

"दिसलं होतं गं. त्या माणसाने लिहिलं, ह्याचं आता कुणी छापणार नाही. माझ्या मुलाचं. हात आवरला नाही माझा." मोठ्या चौकोनी नखांचे, फळीसारखे रुंद हात त्यांचे. त्यांनी एका बोटाने हे सगळं टाइप केलं असणार, तीन वर्षं.

"त्याला एकदा सांगायचं होतंत, चांगलं काढतोस म्हणून. एकदा!"

"आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगणार.

१८ फेब्रुवारी

रविवार गेला. सासरेबुवांना अचानक पोटात दुखायला लागलं. संध्याकाळी बरं वाटलं.

मीही गप्प बसले. हा रेघा ओढतोय. दीड महिन्यांनी! खोलीतून पेन्सिलीची खरखर येते. ती थांबवायला माझं तोंड उघडेना. वकीलबाईंचा फोन दोनदा घेतला नाही.

२६ फेब्रुवारी

मुकादमाच्या वकिलाची नोटीस. संकेतस्थळाकडून नोंदी मागवल्या त्यांनी. शेवटचा बाक आमच्या घरातून लिहितो. आमचा पत्ता, आमचं इंटरनेट. "वादीने स्वतःच गुप्ततेचा भंग केला असून खोट्या नावाने स्वतःची भलामण चालवली आहे..." संध्याकाळपर्यंत मुकादमाचा व्हिडिओही आला. एकुलता एक चाहता घरचाच! लाखभर लोक हसले असतील.

ह्याने नोटीस हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "तू?"

सासरेबुवा समोरच्या खुर्चीत होते. वर्तमानपत्र उघडं. मी त्यांच्याकडे पाहिलं. थांबले. पान हललं नाही.

"हो," म्हटलं. "मीच."

का म्हटलं? बापाने केलं हे कळलं असतं तर हा पुन्हा त्यांच्याशी एका ताटात जेवला नसता, असं त्या क्षणी वाटलं. बायकोला माफ करतात लोक. आता वाटतंय, त्या खुर्चीतल्या माणसाची मला दया आली, बस्स. आणि रागही. अजूनही येतोय.

हा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे बाहेर कुणीच नव्हतं," एवढंच म्हणाला. आत गेला आणि भिंतीवरचा कागद हळूच, फाटू न देता काढला.

२७ फेब्रुवारी

माझ्याशी नीट बोलतो. मीठ दे, दार लाव. तेवढंच.

१ मार्च

वकीलबाई म्हणाल्या, दावा मागे घ्या, नाहीतर समोरच्याचा खर्चही अंगावर येईल. माझ्याकडे पाहिलंही नाही त्यांनी. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं." हो, विचारलं होतं.

सासरेबुवा माझ्या नजरेला नजर देत नाहीत. आज माझा कप विसळून ठेवला. कप!

३ मार्च

ह्याने कच्च्या पानांचा अख्खा खण टेबलावर उपडा केला. मला वाटलं फाडणार. फाडलं नाही. एकेक पान बघत बसला. मग बाहेर येऊन मला विचारलं, "चौथ्या अंकाचं कच्चं तुला कधी दाखवलं होतं मी?" मी कणीक मळत होते. दाखवलं असशील, म्हटलं. तो परत आत गेला.

५ मार्च

दावा मागे घेण्याचा कागद घरीच आणला. जेवणाच्या टेबलावर, करार झाला होता तिथेच. ह्याने सही केली, मी केली. साक्षीदाराची जागा राहिली होती. ह्याने कागद वडिलांपुढे सरकवला, पेन उघडून दिलं. ते न वाचता सही करायला वाकले.

"बाबा, चौथ्या अंकात पिशवी आधी कुठल्या खांद्यावर होती?"

"उजव्या," सासरेबुवा म्हणाले, आणि त्यांचं पेन थांबलं.