एक पंचमांश सेकंद

२ जानेवारी २००३
संकल्प : यंदा एकही नवं घड्याळ घ्यायचं नाही.

३ जानेवारी
गुलमंडीच्या बाजारात सहज गेलो. एका घड्याळजीकडे स्विस क्रोनोग्राफ दिसला, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, साधारण १९५५चा. घेतला. (जुना आहे. संकल्प अबाधित.) मागचं झाकण उघडलं की आत कॉलम व्हील, म्हणजे छोट्या खांबांचं चक्र. बटण दाबताच ते एक घर सरकतं आणि मोठा काटा धावू लागतो. मी त्याला स्तंभचक्र म्हणतो. घड्याळजी म्हणाले, साहब, नाम कुछ भी रखो, तेल हर साल डलवाना.

सायं. ७
सौ.ने विचारलं, हे कितवं? म्हणालो, संग्रहात मोजदाद नसते. ती म्हणाली, मग चालतात किती तेवढं सांगा. (दोन.) विषय बदलला.

१२ जानेवारी
करमाडहून सौ.चे थोरले भाऊ तात्यासाहेब आले. सव्वीसला तिकडे शंकरपट. बैलजोड्या एकेक करून पळवतात, कमीत कमी वेळात पोचेल ती पहिली. गेल्या वर्षी पंचांचं बॅटरीचं स्टॉपवॉच मधेच बंद पडून भांडणं झाली. तात्यासाहेब म्हणाले, दाजी, औंदा घड्याळ तुमचं. आमचा सर्जा बैल थकलाय, ही त्याची शेवटची दौड. पहिला येतोय बघा, तुम्ही फक्त टाइम नीट धरा.
वीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. एरवी त्यांच्या लेखी मी पेपरात मयताच्या बातम्या देणारा माणूस.

१९ जानेवारी
सराव. घरासमोरून जाणाऱ्या रिक्षांच्या वेळा घेतल्या. अचूक. या यंत्राचं सौंदर्य असं, की काटा सेकंदाला पाच टप्पे घेतो. पाचच. दोन टप्प्यांच्या मधे कधीही थांबत नाही. केवढी शिस्त. सौ. म्हणाली, आणि बैल मधेच पोचला तर? सामान्य माणसाला यांत्रिकी समजावणं कठीण.

२६ जानेवारी, सकाळी ९
करमाड. कोट घातला. छातीवर बिल्ला. कडूबा म्हणून एक जोडीवाला पंचांना म्हणाला, पावण्याचं घड्याळ पावण्याकडं बघूनच पळंल की. मी ऐकलं नाही असं दाखवलं. संकल्प : कठोर निःपक्षपात.

दु. ४
एकतीस जोड्या धावल्या. सर्जाची जोडी अशी सुटली की शेजारचे पंच खुर्चीतून उठले. सात सेकंद आणि दोन पंचमांश. त्याआधी इतका कमी वेळ कुणालाच लागला नव्हता. तात्यासाहेबांनी तिथंच सर्जाला गुलाल लावला.
मग कडूबाची जोडी. सात आणि दोन पंचमांश.
मग आणखी एक. तेवढीच.
अखेर नऊ जोड्या पहिल्या आल्या. पंच म्हणाले, साहेब, काटा अडकला व्हय? मी झाकण उघडून स्तंभचक्र पुढं केलं. कुणी पाहिलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. कडूबाची निघाली. तात्यासाहेब तळहातानं सर्जाच्या कपाळावरचा गुलाल पुसत राहिले. मला न भेटताच सर्जाला घेऊन निघाले. गडबडीत असावेत.

२७ जानेवारी
शांतपणे विचार केला. यंत्र निर्दोष आहे. इतक्या थोड्या फरकानं पळणं ही बैलांची चूक. तात्यासाहेबांना तीन पानी पत्र धाडलं, आकृतीसह.

३१ जानेवारी
उत्तर नाही. बहुधा आकृती समजून घेत असतील.

९ फेब्रुवारी
तात्यासाहेब स्वतः आले. म्हणाले, पत्र वाचलं, घड्याळ उघडून दावा. मला भरून आलं. शेवटी घरात एक रसिक निघाला. पाचही टप्पे बोटानं मोजून दाखवले. बराच वेळ निरखून म्हणाले, लई बारीक काम हाय. मग हळू आवाजात विचारलं, दाजी, हे पाच टप्प्यांचं तुम्हाला त्या दिशी कळलं, का आधीपासून ठावं व्हतं?
मी म्हणालो, अहो, पहिल्या दिवसापासून.
बरं, म्हणाले. चहा तसाच ठेवून उठले. सौ. त्यांना बसस्टँडवर सोडायला गेली, सोबत तिची बॅग.

रात्री ८
सौ. अजून आलेली नाही. बस लेट असणार.