स्किमरशिवाय शुद्ध पाणी

१२ जानेवारी
स्किमर मेला. शी! नऊ वर्षं इमानेइतबारे माझ्या माशांच्या टाकीच्या खाऱ्या पाण्यात बुडबुडे सोडत होता. माशांची घाण त्या फेसाला चिकटायची, फेस वर चढून कपात पडायचा, आणि कप साफ करायचा मी. म्हणजे बहुतेक वेळा बायको, गेर्लिंडे. आज मी स्वतः बाहेर काढायला गेलो तर कप माझ्या मोज्यावर उपडा. काळा चहा आणि मेलेली गोगलगाय यांच्यामधला काहीतरी वास. मोजा कुठल्या कचऱ्यात टाकायचा यावर गेर्लिंडेशी वीस मिनिटं वाद. ती म्हणाली, कापडाच्या. मी म्हटलं, सेंद्रिय.
निश्चय: आठवड्याभरात नवा स्किमर. तोपर्यंत टाकीखालचं कपाट मी उघडणार नाही. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी कपाटातल्या भांड्यात गोडं पाणी गेर्लिंडे भरेल. साधं काम आहे.

१५ जानेवारी
एस्लिंगेन प्रवाळ मंडळाची सभा. बीसिंगर (वय ८४) मार्चअखेर वृद्धाश्रमात जाणार. तिथे पाण्याची टाकी ठेवू देत नाहीत. म्हणजे त्यांचं सूर्यप्रवाळ कुणालातरी द्यायचं! नारिंगी, दोन तळहातांएवढं, बावीस वर्षांचं. त्यांच्या बायकोने आणलं होतं; ती वारल्यापासून बीसिंगर रोज संध्याकाळी पिपेटने त्याच्या एकेका तोंडात घास भरवतात. उष्टं सडून पाणी नासतं, म्हणून पाणी कडक स्वच्छ हवं. बीसिंगर म्हणाले, ज्याला हवं त्याने सांगा, २६ मार्चला मी स्वतः येऊन बघेन, पटलं तर देईन, नाहीतर प्राणिसंग्रहालयाला.
मी हात वर केला. बाकी सगळे बिअरच्या ग्लासात बघत होते. भित्रे लेकाचे.
एकतीस वर्षांत या मंडळाने मला खुर्च्या आवरण्यापलीकडे काही दिलेलं नाही. हे प्रवाळ मला हवंय. लिहून ठेवतो: हवंय.

१९ जानेवारी
वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं निरीक्षक होतो. यंत्र कसं निवडायचं ते मला कुणी शिकवू नये. तक्ता केला. चौदा निकष, बावीस मॉडेल. खोक्यावर लिहितात ‘५०० लिटरपर्यंत’. कुणी मोजलं? मी दुकानदाराचा एक ग्रॅम सोडला नाही कधी. हे लोक राजरोस दोनशे लिटर खातात. किळस येते.

२७ जानेवारी
इंटरनेटवर स्किमरवाल्यांचे व्हिडिओ पाहिले. एक माणूस स्वतःच्या कपातला गाळ कॅमेऱ्यासमोर हलवतो आणि अभिमानाने हुंगतो! खाली तीनशे जणांनी अभिनंदन केलंय. जेवण गेलं नाही. (मसूर आणि श्पेट्झ्लेच्या शेवया. मसुराचा रंगच तसा होता.)
पंधरावा निकष वाढवला: वास.

३ फेब्रुवारी
पाणी पिवळट. नायट्रेट, म्हणजे पाण्यातल्या घाणीचा आकडा, पन्नास. एक मासा कोपऱ्यात तोंड खुपसून बसलाय. गेर्लिंडे म्हणाली, हार्टमुट, कुठलाही एक घे ना बाबा, मुलीचं लग्न ठरवतोयस का? मी म्हटलं, घाई करणाऱ्यांनीच जगाची वाट लावली आहे.
दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, चालू असलेला बघा, आणि सावध करण्याआधीच कपाचं झाकण उघडलं. मी बाहेर पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं उभा होतो. तो बाहेर येऊन म्हणाला, काका, घाण दिसली म्हणजे यंत्र चांगलं. असल्या तत्त्वज्ञानाने कुणाचं भलं झालंय?

७ फेब्रुवारी, मंगळवार
रकाना नऊवर होतो (पंपाचा आवाज, डेसिबलमध्ये), तेवढ्यात गेर्लिंडे आत. म्हणाली, बीसिंगरांकडे गेले होते, तळघरात त्यांचा जुना कसलासा (शब्द नीट ऐकला नाही) पडलाय, तो आणून कपाटात लावू का? मी म्हटलं, हो हो, लाव, पण आत्ता बोलू नकोस. बायकांना आकड्यांच्या मध्येच बोलायची भारी हौस.
बहुधा स्वयंपाकघरातल्या कपाटाबद्दल काहीतरी होतं.

१० फेब्रुवारी
नवा विचार. खरं तर क्रांतिकारक. यंत्राचं काम काय? पाणी ढवळणं आणि हवा मिसळणं. मग माणूस का नाही? आजपासून सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने टाकी ढवळतो. दर वेळी चाळीस फेरे, घड्याळाच्या दिशेने.

१७ फेब्रुवारी
नायट्रेट पंचवीस! डाव हातात घेऊन एक आठवडा फक्त! कोपऱ्यातला मासा बाहेर येऊन माझ्याकडे बघत होता. कृतज्ञता जनावरालाही कळते. गेर्लिंडेला आकडा दाखवला. ती म्हणाली, छान झालं.
तिच्या हातात झाकण ठेवलेलं काहीतरी होतं, ते घेऊन संडासात गेली. विचारलं नाही. काही गोष्टी नवऱ्याने विचारू नयेत.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
गेर्लिंडे पुन्हा बीसिंगरांकडे. दर मंगळवारी संध्याकाळी सूप नेते, दोन तास बसते. मी आडकाठी करत नाही. म्हाताऱ्याचं मन आपल्याकडे वळलेलं बरं.
घरात सारखी एक घरघर ऐकू येते. आणि वास. आंबवलेल्या कोबीचा. खालच्या मजल्यावर कात्समायर राहतो, त्याचा नवा फ्रीझर असणार. शी, काय माणसं! दुपारची शांततेची वेळ पाळत नाहीत, रविवार पाळत नाहीत.
घरघरीची नोंदवही सुरू केली. तारीख, वेळ, तीव्रता.

२ मार्च
नायट्रेट दहा. मंडळाच्या पत्रिकेसाठी लेख पाठवला: ‘स्किमरशिवाय शुद्ध पाणी: क्नाउस पद्धत’. सहा पानं, डावाची आकृती मापांसह. छापून आला की यंत्रवाल्यांचं दिवाळं. स्किमर घ्यायचा विचार रद्द. तक्ता मात्र जपून ठेवतो, संशोधकांना उपयोगी पडेल.

९ मार्च
घरघर दिवसाचे चोवीस तास. सोळा दिवसांची नोंद जोडून इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र, प्रत कात्समायरला. जिन्यात तो भेटला. म्हणाला, अहो क्नाउस, आवाज तुमच्याकडून येतोय, माझ्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर, मी शेजारधर्म म्हणून गप्प होतो. चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, मापनातलं मला शिकवू नका. कोबीवर रुमाल झाका आधी.

१४ मार्च, मंगळवार
गेर्लिंडे म्हणाली, तू पण चल ना एकदा बीसिंगरांकडे, ते प्रवाळ कसं खातं ते बघ तरी. मी म्हटलं, मला भाषणाची तयारी करायची आहे. २६ तारखेला त्यांना पद्धत नीट समजावून सांगायची तर तक्ते नकोत का? शिवाय कोळंबीचे तुकडे पिपेटमध्ये भरायचे ही कल्पनाच ओंगळ वाटते. एकदा प्रवाळ आपल्याकडे आलं की बघू. असली किरकोळ कामं माणूस आपोआप शिकतो.

२२ मार्च
फार वाईट दिवस.
व्यवस्थापनाचा माणूस आला, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. मीच मागणी केली होती. कात्समायरकडे गेलो, मीही सोबत. त्याचा फ्रीझर बंद होता. त्यात त्याची मासेमारीची जाकिटं. मग तो माणूस यंत्र धरून जिना चढला, माझ्या दारातून आत आला, माझ्या टाकीसमोर गुडघे टेकले आणि माझं कपाट उघडलं.
आत स्किमर. चालू. कप अर्धा भरलेला, काळा.
म्हणाला, साहेब, स्पंजाची चकती टाका याच्याखाली, आवाज बसेल. कात्समायर दारात उभा होता. म्हणाला, काखेत कळसा अन् गावाला वळसा. घरी जाऊन बायकोला पुन्हा सांगितलं असणार, कारण खालून हसण्याचा आवाज आला. तो वहीत नोंदवला नाही.
गेर्लिंडेला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, सात फेब्रुवारीपासून, बीसिंगरांचा जुना, तुला विचारूनच लावला की. मग माझा डाव? म्हणाली, ढवळल्याने काही बिघडत नव्हतं, आणि तू खूश होतास.
मला स्वतःचीच किळस आली. संध्याकाळपर्यंत.

२३ मार्च
शांतपणे विचार केला. घरचा प्रमुख म्हणून परवानगी मी दिली होती. म्हणजे निर्णय माझाच. आणि ढवळण्याने स्किमरला मदत झाली नाही असं कुणी सिद्ध केलंय? लेखाचं नाव बदलून ‘स्किमर आणि डाव’ करायला संपादकाला फोन. तो म्हणाला, कुठला लेख?

२६ मार्च, रविवार
बीसिंगर आले. प्रवाळ बादलीत, बादली मांडीवर, टॅक्सीतून. जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागली, पण बादली कुणाच्या हातात दिली नाही. मी तक्ते भिंतीवर लावले होते. पहिल्याच तक्त्याला ते म्हणाले, हार्टमुट, हे राहू दे रे. एकच सांग. किती तोंडं आहेत याला?
बावीस वर्षं मी ते प्रवाळ बघतोय. दर उन्हाळ्यात त्यांच्या घरी, केक खाताना. मी म्हटलं, अंदाजे चाळीस.
वजनमापे खात्याच्या माणसाने अंदाजे म्हणावं!
गेर्लिंडे स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, त्रेसष्ट. डाव्या अंगाचं एक आपणहून उघडत नाही, त्याला शेवटी भरवायचं, बाकीच्यांचं खाणं झाल्याचा वास त्याला आला की मग उघडतं.
म्हातारा रडायला लागला. नाक, डोळे, सगळं. एरवी मला असलं बघवत नाही. मी रुमाल दिला. त्यांनी बाही दंडापर्यंत वर केली, हात टाकीत घातला आणि प्रवाळ स्वतः खडकावर बसवलं. बराच वेळ हात पाण्यातच होता. मग गेर्लिंडेला म्हणाले, पोरी, आता तुझं गं.
मी म्हटलं, टाकी माझी आहे. कुणीच ऐकलं नाही. कदाचित मी मोठ्याने म्हटलं नसेल.

३ एप्रिल
मंडळाचं पत्र. पाकिटावर गेर्लिंडे क्नाउस. बीसिंगरांच्या शिफारशीने ती आता पूर्ण सभासद. नियमाप्रमाणे एका टाकीमागे एकच पूर्ण सभासद, त्यामुळे मला कुटुंबीय वर्गात घातलंय. मत नाही. केक मिळेल.
निषेधाचं पत्र लिहायला बसलो. तारीख घातली. पुढे सुचलं नाही.

८ एप्रिल
या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. गेर्लिंडे वृद्धाश्रमात गेली आहे, बीसिंगरांना फोटो दाखवायला. मी झाडत होतो. कात्समायर खालून वर आला, मी झाडत होतो ती पायरी ओलांडली, आणि म्हणाला, काय क्नाउस, बायकोचं अ‍ॅक्वेरियम कसं आहे?
चिडवत नव्हता. खरंच विचारत होता.
मी म्हटलं, चांगलं चाललंय तिचं.