नीरेकाठी नेलेल्या चुली

आत्या, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर मी कधी चार वाक्यं सलग बोलले नाही, म्हणजे तुम्ही बोलूच दिली नाहीत. आज मध्ये तोडायला कुणी नाही म्हणून निवांत लिहायला बसले आहे. मेलेल्या सासूला कुणी पत्र लिहितं का, असं घरातली मंडळी म्हणतील, म्हणोत बापडी. नीरेला पूर आला त्या पावसाळ्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्या दिवसांत तुम्ही काय करून बसलात हे तुम्हाला स्वतःला तरी कळलं होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट, माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. बारामती शहरात वाढलेली मी काटेवाडीत तुमच्या हाताखाली आले होते आणि माझी भाकरी तव्यावर टाकताना मोडायची. त्या पावसात वरच्या धरणांचं पाणी सुटलं आणि इंदापूर तालुक्यात, कळंबच्या खालच्या अंगाची नीरेकाठची एक वस्ती पाण्यात गेली. माणसं वाचली, शाळेत येऊन राहिली. घरं पडली, भांडीकुंडी, दाणे, काही गुरं वाहून गेली. आपल्याकडे कुणावर वेळ आली की सगळ्यात आधी सुचते ती भाकरी. पणदरे गावाची भाकऱ्यांची ट्रॉली भरून गेली म्हटल्यावर आपलं गाव मागे राहतंय होय! देवळावरच्या कर्ण्यातून पुकारा झाला, घरोघर भाकऱ्या थापल्या गेल्या, आणि मामा, म्हणजे तुमचे मालक, स्वतः ट्रॅक्टरवर बसून गेले. परत आले ते लग्न लावून आल्यासारखे खुशीत. शाळेच्या पडवीत भाकऱ्यांच्या चळती माणसाच्या उंचीच्या लागल्यात, असं ते कौतुकानं सांगत होते. खालच्या भाकऱ्यांना बुरशी धरली म्हणून म्हशींपुढे टाकल्या, आणि म्हशीही आता तोंड फिरवतात, हेसुद्धा त्यांनी हसतच सांगितलं.

तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता विचारलंत, "तितं चुली किती पेटल्यात?"

"चुली कशाला? आमी भाकरी दिलीया की."

"आन् उद्याच्याला? रोज ट्रॉली नेणार हाय का तुमी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही आळीतल्या बायका गोठ्यात जमवल्यात आणि माती मळायला घेतलीत. माती, भुसा, शेण. मीही बसले, कोपरापर्यंत हात बरबटून. चुली थापल्या, गोठ्यातच गोवऱ्यांच्या मंद धगीवर वाळवल्या, कारण बाहेर आभाळ फाटलेलं. मामांचा पारा चढला होता. "माती कोण मदत म्हणून धाडतं का? लोक हसतील!" तुम्ही म्हणालात, "हसू द्या. हसत्यात तर जीव हाय त्यांच्यात." मग गंजीतलं उसाचं कोरडं पाचट ट्रॉलीत अंथरून त्यात तुम्ही एकेक चूल अशी ठेवलीत, जणू बाळंतिणीशेजारी मूल निजवताय. बरोबर तवे, काथवटी, जळणाला तुराट्या, पीठ, मीठ, तिखट आणि चिखल ओढायला फावडी. गुरांसाठी कडबाही तुम्हीच मामांना भरायला लावलात. तोवर त्यांचाही विरोध मावळला होता, फक्त तोंडानं कुरकुर चालू होती.

शाळेत पोचलो ते दृश्य मला आजही तसंच दिसतं. बायका भिंतीला टेकून बसल्यात. कुणीतरी दान दिलेल्या जरीच्या साड्या आणि लोकरीचे स्वेटर यांचा ढीग पडलाय आणि त्याला कुणी हात लावत नाही. एक बाई, माझ्याच वयाची, कडेवर तान्हं मूल, कुणाकडेच बघत नाही. तिचा नवरा मामांना सांगत होता की आता इथं काही राहिलं नाही, पिंपरीला निघायचं, कुठंतरी कंपनीत हेल्परचं काम मिळेल. तिला ते नको होतं, पण नको म्हणण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. तुम्ही तिला म्हणालात, "चल, घर दाव तुझं."

"घर कुठाय, आत्या? एक भिंत हाय नुसती."

"मग भिंत दाव."

पोचलो तर दारात पिंढरीएवढा चिखल. तुम्ही फावडं घेतलंत, एक माझ्या हातात दिलंत, आणि त्या उभ्या भिंतीच्या कडेचा कोपरा आपण मोकळा केला. वर मामांनी ताडपत्री ताणली. चूल मांडली. ती बाई मुलाला घेऊन लांब उभी, परक्याच्या घरी आल्यासारखी. तुम्ही पीठ पुढे केलंत तरी हलेना. मला वाटलं, आता तुम्ही चार शब्द धीराचे बोलाल. तुम्ही मात्र एका पालथ्या पाटीवर बसलात, पदरानं तोंड पुसलंत आणि तिला दटावलंत, "अगं, सकाळधरनं उपाशी हाय मी. पाहुणी दारात आलीया, भाकरी घालतीस का तशीच लावतीस माघारी?"

आत्या, कळंबच्या फाट्यावर ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत खाल्ल्या होत्या. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही माझ्याकडे असे डोळे वटारलेत की मी पटकन चिखलच ओढायला लागले.

त्या बाईच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. इतके दिवस जो तो तिला देत होता, घे म्हणत होता. मागितलं कुणीच नव्हतं. तिनं मूल माझ्याकडे दिलं, हात धुतले, काथवट पुढे ओढली, आणि पीठ मळता मळता ओशाळून विचारलं, "आत्या, तिखट चालतं नव्हं तुमास्नी? कालवण न्हाय, तिखट-मीठच हाय." आवाज घरधनिणीचा होता. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून नवरा ताडपत्रीखाली डोकावला. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "पाणी आणा की, पाहुणी बसलीया." तो कळशी शोधायला गेला. पिंपरीची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही, पुढेही नाही. ते कुटुंब आजही तिथंच आहे. भाकरी कच्ची होती, धूर फार होता. तुम्ही ती सगळी खाल्लीत, वर अर्धी मागून घेतलीत, आणि तिथून पुढच्या पडक्या घरात जाऊन तसंच पाटीवर बसलात. रात्री माझ्याकडे हळूच ओवा मागितलात.

मी पुढे महिला मंडळात पुष्कळ वर्षं काम केलं. कुठं पूर, कुठं आग, आम्ही सामान भरून नेतो, आणि चुली किंवा शेगड्या, तवे आधी नेतो, हे मी तुमचंच लावून धरलं. लोक माझं कौतुक करतात. मी ते ऐकून घेते आणि मनात म्हणते, यांनी आमच्या आत्यांना पाहिलेलं नाही. तुमच्याइतकं मोठं मन मी दुसरं पाहिलं नाही, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही "काम कर" म्हणाला असता. तुमच्या कामातलं सामान भरणं तेवढं मला उचलता आलं. समोरच्याच्या दारात बसून मागायचं मात्र अजून जमत नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तेव्हा खरं सांगून टाकते. मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, इथं शहरातल्या घरात पडून आहे. शेजारच्या फ्लॅटमधली तरुण बाई, नुकताच तिचा नवरा वारलाय, दिवसभर एकटी असते. काल दारात येऊन म्हणाली, "काकू, काय खावंसं वाटतंय? मी करून आणते." मी म्हटलं, "काही नको गं, सगळं आहे." ती जरा थांबली आणि गेली. आत्या, मला पिठलं खावंसं वाटत होतं.